नागरी वस्तीतील कोंबडा : शेजार, कायदा आणि परसातील कुक्कुटपालन
(विशेष संदर्भ : नंदनवन, नागपूर)

प्रस्तावना

नागपूर शहराच्या पूर्व भागात, नाग नदी आणि ग्रेट नाग रोड यांच्या आसपास पसरलेल्या वस्तीला नंदनवन असे नाव आहे. इंद्राच्या उद्यानाचे हे नाव धारण करणाऱ्या परिसरात आज उद्यानापेक्षा घरेच अधिक आहेत. १९८४ साली स्थापन झालेले कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय, आखीव भूखंडांवरील बंगले, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांच्या इमारती, नंदनवन झोपडपट्टी आणि पलीकडे हसनबाग, वाठोडा, खरबी अशी संमिश्र रचना या भागाची आहे. वाठोडा आणि खरबी ही मूळची गावे. शहर त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि गावाच्या ज्या सवयी शहराने पोटात घेतल्या, त्यांत अंगणातील चार कोंबड्या आणि एक कोंबडा यांचाही समावेश होतो.

चार कोंबड्यांविषयी शेजाऱ्यांची तक्रार सहसा नसते. तक्रार असते ती पाचव्या पक्ष्याविषयी. पहाटे आरवणारा कोंबडा हा खेड्यात वेळेचा सूचक मानला गेला, तर दाट नागरी वस्तीत तोच झोपमोडीचे कारण ठरला. पक्षी बदललेला नाही, त्याचा आवाजही बदललेला नाही. बदलले आहे ते दोन भिंतींमधील अंतर, माणसाचे घड्याळ आणि घरात काय पाळावे याविषयीची प्रतिष्ठेची कल्पना. या तिन्ही बदलांचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे. आर्थिक वा सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत गाय, बैल आणि घोडा यांना मानाचे पान मिळते. कोंबडीला ते क्वचितच लाभते. वास्तविक, जमीन नसलेल्या कुटुंबाकडे असू शकणारे सर्वांत लहान पशुधन तेच आहे, आणि म्हणून ते पाळण्याचा हक्क कोणाला व कोठपर्यंत, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

पाळीव कुक्कुटाचे मूळ

आजचा पाळीव कोंबडा हा मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याचा वंशज आहे, हे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मधील आपल्या ग्रंथात मांडले होते. हा पक्षी प्रथम सिंधू खोऱ्यात माणसाळला, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता व आपल्याकडील अनेक पाठ्यपुस्तकांत तो अद्याप आढळतो. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांवर आधारित जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याने मात्र हे मूळ आग्नेय आशिया व त्यास लागून असलेल्या दक्षिण चीनकडील रानकोंबड्याच्या उपजातीत शोधले. २०२२ मधील पुरातत्त्वीय फेरतपासणीनुसार निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडतात व ती इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील आहेत. कोरडवाहू भात आणि भरड धान्य यांची शेती सुरू झाल्यावर दाण्यांच्या ओढीने रानकोंबडा वस्तीजवळ आला, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. म्हणजे माणसाने त्याला पकडून आणले यापेक्षा तोच शेजारी म्हणून राहावयास आला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

भारताचा वाटा यात अगदीच नाही असे नव्हे. पाळीव कोंबडीच्या पायाची व कातडीची पिवळी छटा ही तांबड्या रानकोंबड्याकडून आलेली नसून भारतीय द्वीपकल्पातील करड्या रानकोंबड्याकडून आली आहे, हे २००८ मध्ये जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. मध्य भारत हा या दोन्ही रानकोंबड्यांच्या प्रदेशांचा सांधा आहे. सालवृक्षाच्या वनांत तांबडा आणि सागाच्या वनांत करडा, अशी ढोबळ वाटणी पक्षिशास्त्रज्ञांनी नोंदविली असून पचमढीच्या परिसरात दोन्ही आढळतात. नागपूरच्या अंगणातील पिवळ्या पायाच्या कोंबडीत या दोन अरण्यांचा वारसा एकत्र आलेला आहे.

प्राचीन वाङ्मयातील कोंबड्याचे स्थान दुहेरी आहे. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिवचनांत वेळेवर उठणे, लढणे, आप्तांना वाटा देणे आणि स्वकष्टाने मिळविलेले खाणे हे चार गुण कोंबड्याकडून शिकावेत असे सांगितले आहे. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत या स्वरमात्रांची व्याख्या करताना ‘अ’ ऐवजी ‘उ’ हा स्वर का घेतला, याचे परंपरेने दिलेले उत्तर मोठे मनोरंजक आहे. कोंबड्याच्या आरवण्यात हा स्वर एकमात्र, द्विमात्र आणि त्रिमात्र अशा तिन्ही रूपांत क्रमाने ऐकू येतो, असे ते उत्तर होय. व्याकरणकारांनाही पहाटेचा शेजार होता, एवढे यावरून निश्चितच म्हणता येईल.

वर्ज्य पक्षी आणि वस्तीची सीमा

दुसरीकडे मनुस्मृतीने ग्रामकुक्कुटाचे मांस द्विजांसाठी निषिद्ध ठरविले. हा निषेध रानकोंबड्याला नाही, गावात फिरणाऱ्या कोंबड्याला आहे, ही बाब महत्त्वाची आहे. उकिरड्यावर चरणारा पक्षी अशुद्ध, ही त्यामागील धारणा. परिणामी खेड्याच्या रचनेत कोंबडी हा केवळ पक्षी राहिला नाही, तर ती वस्तीची खूण बनली. कोणत्या आळीत खुराडे दिसते आणि कोणत्या आळीत दिसत नाही, यावरून त्या आळीची सामाजिक ओळख पटत असे.

नागपूर परिसरात या चित्राला आणखी एक पैलू आहे. १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने या नगराचा पाया घातला. गोंड समाजाच्या धार्मिक व्यवहारात कोंबड्याचे स्थान किती मध्यवर्ती आहे, याची तपशीलवार नोंद रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात आढळते. देवासमोर ठेवलेले तांदळाचे दाणे कोंबड्याने टिपले म्हणजे देवाने अर्पण स्वीकारले, अशी समजूत मध्य भारतातील अनेक जमातींत दिसून येते. मराठी मुलखातील ग्रामदैवतांना बकरा-कोंबडा देण्याची प्रथा याच कुळातील. विदर्भाचे सुपुत्र संत गाडगेबाबा यांनी या बळीप्रथेविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली. त्यांच्या प्रबोधनाने अनेक ठिकाणी बळी थांबले. कोंबडे पाळणे मात्र थांबले नाही, कारण त्यामागे देवापेक्षा पोट अधिक होते.

वऱ्हाड-नागपूरच्या घरगुती अर्थव्यवस्थेत कोंबडी ही स्त्रीची मिळकत मानली जाई. तलंग वाढवावी, अंडी विकावीत, खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवून एकवीस दिवसांनी पिल्ले काढावीत आणि त्यांतील निम्मी जगली तरी समाधान मानावे, असा हा व्यवहार. शेजारणीला कोंबडी अर्धलीने देण्याचीही पद्धत होती. पिल्ले निघाली की निम्मी मूळ मालकिणीची. या संपूर्ण व्यवहारात कोंबडा हा अपरिहार्य घटक होता, परंतु तो प्रत्येक घरी असण्याची गरज नव्हती. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो. त्यामुळे एका आळीत एखाददुसरा उमदा कोंबडा असला तरी सर्वांचे भागत असे व त्याच्या आरवण्याचा उपसर्गही सर्वांचा सामाईक असे. तक्रार करावी तर ती कोणाकडे, असाच तो प्रश्न होता.

बांग आणि भोंगा

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठीत रूढ झाली ती कोंबडा आणि सूर्योदय यांचे नाते रोजच्या अनुभवाचे होते म्हणूनच. जात्यावर बसणे, धार काढणे, बैलांना वैरण घालणे ही कामे पहिल्या-दुसऱ्या बांगेवर ठरत. सूर्योदयापूर्वी सुमारे एक तास छत्तीस मिनिटे सुरू होणारा ब्राह्ममुहूर्त आणि कोंबड्याची पहिली बांग या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच सुमारास येतात. एकाच पहाटेची ही दोन मापे होती, एक पंचांगातील व दुसरे उकिरड्यावरील.

नागपुरात या मापाला पहिला धक्का बसला तो १ जानेवारी १८७७ रोजी. त्या दिवशी जमशेटजी टाटा यांच्या एम्प्रेस मिलचा शुभारंभ झाला. मिलचा भोंगा सूर्य पाहत नाही, तो पाळी पाहतो. त्यानंतर तीन दशकांनी, १९०६ च्या आरंभापासून, भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ही वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आधारलेली असून नागपूर सुमारे एकोणऐंशी अंशांवर वसलेले असल्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटे मागे चालतो. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणारा कामगार आणि दिवसपाळीसाठी पहाटे उठणारा कामगार एकाच चाळीत राहू लागले, तेव्हा पहाट ही सर्वांची एकच वेळ राहिली नाही. कोंबड्याच्या आवाजाची उपद्रवात गणना होण्यास खरी सुरुवात येथून होते, असे म्हणावयास हरकत नाही. तोपर्यंत तो सर्वांनाच उठवीत असे. आता तो काहींना उठवितो आणि काहींची झोप मोडतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. प्राचीन ग्रीक जगतातील सुखासीनतेसाठी प्रसिद्ध असलेल्या सिबारिस नगरीत आवाज करणारे व्यवसाय शहराबाहेर ठेवले होते आणि नगरात कोंबडा पाळण्यासही मनाई होती, असे अथेनिअस या ग्रंथकाराने नमूद केले आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र तितके टोकाला जात नाही. त्यातील वास्तुविषयक प्रकरणात जनावरांची जागा, चूल, जाते, उखळ इत्यादी गोष्टी शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर राखून असाव्यात असे नियम आहेत. निषेधाऐवजी अंतर, हा कौटिल्याचा मार्ग आजही विचारात घेण्यासारखा आहे. अडचण एवढीच की अंतर राखण्यासाठी जागा असावी लागते.

आखीव भूखंड आणि हरवलेले परस

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. १९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि शहराचा विस्तार आखीव अभिन्यासांच्या स्वरूपात होऊ लागला. १९४८ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार १९५१ मध्ये महानगरपालिका कार्यान्वित झाली. सुधार प्रन्यासाच्या अभिन्यासांत घराच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडण्याचा दंडक होता. ही मोकळी जागा हवा-उजेडासाठी योजलेली होती. व्यवहारात मात्र तेथे तुळस, पेरू, विहीर आणि खुराडे हे सारे आले. खेड्यातून नोकरीसाठी आलेल्या पहिल्या पिढीने परस सोडले नाही, त्याचा आकार लहान केला.

पूर्व व दक्षिण नागपूरच्या बाबतीत हे चित्र पूर्ण होत नाही. शेतजमिनींचे तुकडे पाडून हजार-दीड हजार चौरस फुटांचे भूखंड विकले गेले व मंजुरीविना शेकडो वसाहती उभ्या राहिल्या. नागपूरच्या प्रशासकीय बोलीत ‘५७२’ आणि ‘१९००’ या नुसत्या आकड्यांनी ओळखले जाणारे अभिन्यास ते हेच. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशा बांधकामांना नियमित होण्याचा मार्ग खुला झाला. येथे घराला घर लागून आहे. बाजूची मोकळी जागा नावापुरती किंवा तीही नाही. झोपडपट्टीत तर भिंत सामाईक असते. खुराडे ठेवले जाते ते दारात, जिन्याखाली किंवा गच्चीवर. आणि गच्चीवरचा कोंबडा हा शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या खिडकीशी समपातळीत येतो.

येथे एक सामाजिक विसंगती लक्षात घ्यावयास हवी. ज्यांच्याकडे अंतर राखण्याइतकी जागा आहे, त्यांना कोंबड्यांची गरज उरलेली नाही. ज्यांना त्यांची गरज आहे, त्यांच्याकडे अंतर नाही. बंगल्याच्या जागी इमारत उभी राहिली की तेथे येणारे नवे रहिवासी व शेजारच्या वस्तीतील जुने रहिवासी यांच्यात पहिला खटका पुष्कळदा पाण्याचा, दुसरा वाहने उभी करण्याचा आणि तिसरा पशुपक्ष्यांचा असतो. तक्रार आवाजाची म्हणून मांडली जाते. तिच्याआड वास, शाकाहार, जातीय सवयी आणि ‘चांगल्या वस्ती’ची कल्पना यांचे मिश्रण किती आहे, हे अर्जावरून कळत नाही. अर्थात याचा अर्थ आवाजाची तक्रार खोटी असते असा मुळीच नव्हे. रात्रपाळीची परिचारिका, आजारी वृद्ध किंवा तान्हे मूल असलेले घर यांची झोपमोड ही खरीच असते, आणि ती झोपडीतही तितकीच खरी असते.

कोंबडा अनावश्यक कसा ठरला

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंड्याचा विचार कोंबड्याशिवाय होत नव्हता. वस्तुतः अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची आवश्यकता नसते. तो लागतो तो पिल्लांसाठी. ही साधी जीवशास्त्रीय वस्तुस्थिती सार्वजनिक चर्चेत आणणाऱ्यांत महात्मा गांधींचा उल्लेख करावा लागेल. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत त्यांनी अफलित अंड्यांचा विचार केला आहे. कोंबड्याच्या संगाविना घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही, म्हणून दूध चालणाऱ्यास असे अंडे वर्ज्य मानण्याचे कारण नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. नागपूरपासून जवळच असलेल्या सेवाग्रामच्या आश्रमातून चळवळीत उतरलेल्या या नेत्याने कोंबड्याची अनुपस्थिती ही आहारनीतीची कसोटी मानावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

पुढे जे झाले ते नीतीने नव्हे, उद्योगाने. पांढऱ्या लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. देशी कोंबडी पन्नास-साठ. १९७१ मध्ये पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली आणि बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. पिल्ले उबवणी यंत्रातून येऊ लागली, अंडी पिंजऱ्यांतून. या व्यवस्थेत कोंबडा केवळ पैदास केंद्रात उरला. मध्यमवर्गीय घरात अंडे पोहोचले ते नेमके कोंबडा दिसेनासा झाल्यावर. धर्मशास्त्राने वर्ज्य ठरविलेला ‘ग्राम्य’पणा पुठ्ठ्याच्या खोक्यातील अंड्याला चिकटलेला नव्हता, हे त्याच्या स्वीकारामागील एक कारण असावे.

परसातील कोंबडी मात्र संपली नाही. नागपूर हे पशुवैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्र आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चे, तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालचे. शासकीय अंडी उबवणी केंद्रातून सुधारित पिल्लांचा पुरवठा होत आला. वनराजा, गिरीराज, ग्रामप्रिया यांसारखे संकर खेड्यांबरोबरच शहराच्या कडेच्या वस्त्यांतही पोहोचले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील एकूण ८५ कोटींहून अधिक कोंबड्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होत्या, आणि २०१२ च्या तुलनेत ही वाढ जवळपास ४६ टक्के होती. औद्योगिक पक्ष्यांची संख्या त्याच काळात जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढली. सावजी रश्श्यासाठी नागपुरात गावरान कोंबडीला जो चढा भाव मिळतो, तो पाहता या वाढीचे आश्चर्य वाटू नये. परंतु बहुतांश संकरित कोंबड्या खुडूक होत नाहीत वा क्वचितच होतात, आणि गावरान पिल्ले हवी असतील तर पुन्हा कोंबडा आलाच.

आवाजाचे शास्त्र आणि कायद्याची रात्र

कोंबडा पहाट पाहून आरवतो, हा समज अपुरा आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शिम्मुरा व योशिमुरा यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की त्याच्या शरीरातच दिनचक्राचे घड्याळ असते आणि प्रकाश येण्याच्या सुमारे दोन तास आधीच तो आरवू लागतो. २०१५ च्या त्यांच्या पुढील अभ्यासानुसार कळपातील सर्वांत वरच्या श्रेणीचा कोंबडा प्रथम आरवतो व इतर श्रेणीनुसार मागाहून. वरिष्ठाला काढून टाकले की दुसऱ्या क्रमांकाचा त्याची जागा घेतो. म्हणजे दोन कोंबड्यांपैकी एक विकल्याने आवाज कमी होईल, पहिली बांग मात्र उशिरा होणार नाही.

आता ही दोन तासांची आघाडी नागपूरच्या पंचांगाशी ताडून पाहावी. येथे जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो. त्या हिशेबाने पहिली बांग साडेतीनला पडू शकते. जानेवारीत सूर्योदय पावणेसात वाजून गेल्यावर होतो. तेव्हा हीच बांग पाचच्या आसपास येते. उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांवर जाते आणि माणसे गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी झोपतात. जेव्हा कोंबडा सर्वांत लवकर आरवतो, नेमकी तेव्हाच खिडकी उघडी असते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० हे १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झाले. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. कायद्याची रात्र घड्याळाची आहे, कोंबड्याची रात्र सूर्याची. जूनमध्ये नागपुरात सूर्य उगवल्यानंतरही अर्धा तास कायद्याची रात्र चालू असते. कोंबड्याचा आवाज एक मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबल भरतो. त्याच्या स्वतःच्या कानाशी तो १४० च्या घरात जातो आणि चोच पूर्ण उघडताच त्याची कर्णनलिका मिटते, हे बेल्जियन संशोधकांनी दाखविले आहे. निसर्गाने ही सोय त्याच्यासाठी केली, शेजाऱ्यासाठी नाही. मोकळ्या जागेत दहा मीटरवर हा आवाज ८० डेसिबलपर्यंत उतरतो. नियमातील मर्यादा सरासरी ध्वनिपातळीची आहे. तासाभरात तीस वेळा, प्रत्येकी दीड सेकंद आरवला असे धरले तर सरासरी आणखी एकोणीस-वीस डेसिबलने खाली येते, म्हणजे ६० च्या आसपास. भिंत मध्ये असेल तर त्याहून कमी. तरीही कागदावर मर्यादा ओलांडली जाते. व्यवहारात असे मोजमाप कोणी करीत नाही, कारण हे नियम ध्वनिक्षेपक, भोंगे, फटाके आणि यंत्रे यांचा विचार करून घडविलेले आहेत.

दुसरा मार्ग सार्वजनिक उपद्रवाचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २६८ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० ने घेतली, आणि उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याचा दंडाधिकाऱ्याचा पूर्वीचा कलम १३३ चा अधिकार आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यापासून चालत आलेली, उपद्रव होईल अशा रीतीने जनावरे पाळू नयेत ही तरतूद राज्याच्या १९४९ च्या महापालिका अधिनियमातही आहे व २०१२ पासून नागपूर याच अधिनियमाखाली आले. यांपैकी कोणतीही तरतूद कोंबडा पाळण्यास सरसकट मनाई करीत नाही. ‘उपद्रव होईल अशा रीतीने’ हे शब्द निर्णायक आहेत. किती कोंबडे, कोठे, कोणाच्या खिडकीपासून किती दूर, हे प्रत्येक प्रकरणी ठरवावे लागते.

प्रकरणे नोंदली जातात ती तुरळकच. २०१९ मध्ये पुण्याच्या समर्थ पोलीस ठाण्याकडे एका महिलेने कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते अशी तक्रार केली. वृत्तपत्रांनी ती गमतीचा विषय म्हणून छापली आणि गुन्हा नोंदला गेला नाही. २०२५ मध्ये केरळच्या पथनमथिट्टा जिल्ह्यातील अडूर येथे अशाच तक्रारीवर महसूल अधिकाऱ्यांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून स्थळाची पाहणी केली. कोंबडा काढण्याऐवजी वरच्या मजल्यावरील खुराडे चौदा दिवसांत घराच्या दुसऱ्या बाजूस हलविण्याचा आदेश त्यांनी दिला. अंतराचा जुना कौटिलीय मार्गच येथे अवलंबिलेला दिसतो. फ्रान्समध्ये २०१९ साली ओलेरों बेटावरील ‘मॉरिस’ नावाच्या कोंबड्याच्या बाजूने न्यायालयाने निकाल दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेच्या कायद्याने ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारशाचा दर्जा दिला. तो कायदा खेड्यांसाठी आहे. खेडे कोठे संपते हे वाठोडा-खरबीच्या बाजूस सांगणे कठीण असल्याने त्याचे अनुकरण येथे सहज होईल असे वाटत नाही.

रोगाची भीती

२००६ नंतर तक्रारीला एक नवे आणि अधिक गंभीर कारण मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला प्रादुर्भाव निश्चित झाला. तोपर्यंत कोंबडी पाळणाऱ्यांची धास्ती होती ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. त्यात पक्षी मरत, शेजाऱ्याला भय नसे. बर्ड फ्लूने शेजाऱ्यालाही त्या भीतीत ओढले. प्रादुर्भाव झालेल्या ठिकाणाभोवती ठरावीक त्रिज्येतील सर्व पक्षी नष्ट करण्याचे धोरण परसातील चार कोंबड्यांनाही लागू होते. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय उबवणी केंद्रातच हा रोग आढळला आणि तेथील पक्षी नष्ट करावे लागले. त्याच वर्षाअखेरीस गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. त्यामुळे शहरातील कोंबडी ही केवळ खाजगी बाब राहिली नाही, हे मान्य करावे लागते. मृत पक्षी उघड्यावर न टाकणे, विष्ठा झाकून ठेवणे, नवा पक्षी आणल्यावर काही दिवस वेगळा ठेवणे आणि लसीकरण करणे या गोष्टी आवाजापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत. दुर्दैवाने अर्ज आवाजाविरुद्ध येतात, कारण आवाज ऐकू येतो.

शेजारातील तडजोडी

कायद्याच्या आधी आणि कायद्याशिवायही वस्त्यांनी आपापले मार्ग शोधले आहेत. कोंबडा रात्री अंधाऱ्या, बुटक्या खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडणे हा त्यांतील सर्वांत जुना. आरवताना त्याला मान ताणून उंच व्हावे लागते. छत बुटके असले की आवाज दबतो, आणि खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाठ करून ठेवले की आणखी. आतील घड्याळ मात्र अंधाराने बंद पडत नाही, म्हणजे म्हणीत सांगितलेले शास्त्रही तेच सांगते. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात बंद खुराडे जीवघेणे ठरते. ओले पोते टाकलेले, जाळीचे, हवेशीर खुराडे आणि आवाज दाबणारे बंद खुराडे या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. गळ्याला पट्टा आवळून आरवणे रोखण्याचा जो उपाय अलीकडे बाहेरदेशी विकला जातो, तो पक्ष्याचा श्वास कोंडू शकतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा हेतू पाहता तो आपल्याकडे रुजू नये हेच इष्ट.

यांपेक्षा अधिक उपयुक्त आहे ती जुन्या आळीतील सामाईक कोंबड्याची रीत. एकदा संग झाल्यावर कोंबडी दोन आठवड्यांच्या आसपास फलित अंडी देऊ शकते. म्हणजे कोंबडा घरी बारमाही असण्याची आवश्यकता नाही. ज्या महिन्यात कोंबडी रवणावर बसवायची, त्याच्या आधी आठवडाभर कोंबडा आणावा आणि परत पाठवावा. किंवा फलित अंडीच दुसरीकडून आणून खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. उरलेल्या काळात चार कोंबड्या कोणाचीही झोप न मोडता अंडी देत राहतात. अशा व्यवस्थेत काही गमवावेही लागते. कोंबडा घार दिसताच वेगळा आणि मांजर-मुंगूस दिसताच वेगळा इशारा देतो, दाणा सापडल्यावर कोंबड्यांना बोलावतो आणि त्यांच्यातील भांडणे आवरतो. तो नसला की राखण घरच्या माणसांवर येते.

नंदनवनसारख्या वस्तीत असा कोंबडा ठेवण्याची जागा कोणती, हा प्रश्न शिल्लक राहतोच. खरबीच्या पलीकडे, जेथे अजून मोकळे शेत आहे, तेथील एखाद्या नातेवाइकाकडे तो ठेवता येतो. परंतु तेथेही भूखंडांच्या खुणांचे दगड रोवले जात आहेत, आणि ज्या घराने तेथे प्रथम बांधकाम केले त्याच्याकडे बहुधा कोंबडा असतोच. शेजारी नंतर येतो.